धारण, आकर्षण आणि होडीची नाळ

एखादी वस्तू 'एक' आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी 'अवयवी'च्या वादातून हाताळला आहे. अवयवी म्हणजे अवयवांपासून बनलेली आणि तरीही अवयवांच्या बेरजेहून निराळी असलेली वस्तू, जसा तंतूंहून निराळा पट किंवा कपालांहून, म्हणजे मडक्याच्या दोन अर्धांहून, निराळा घट. असा अवयवी खरोखर असतो असे न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी मानले. बौद्धांनी ते नाकारले, कारण त्यांच्या मते असतो तो केवळ समुदाय, आणि 'एक' हे त्याला व्यवहाराच्या सोयीसाठी दिलेले नाव होय. हा वाद शतकानुशतके चालला, परंतु त्यातील नेहमीच्या घटाला किंवा पटाला कोणी ओढत नाही, त्यांच्यावर लाट आपटत नाही आणि ते वापरात असताना त्यांच्यात भरही घातली जात नाही. या सर्व गोष्टी जिच्या बाबतीत घडतात अशी एक सामान्य वस्तू उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर पाहावयास मिळते. ती म्हणजे पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याची मासेमारीची छोटी होडी, आणि त्यातही जिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, विजेची ट्रोलिंग मोटर बसवण्यासाठी नाळ मुद्दाम मजबूत करून घेतली आहे अशी होडी.

ट्रोलिंग मोटर म्हणजे विद्युतघटावर चालणारी, अतिशय हळू आणि जवळजवळ निःशब्द चालणारी लहान मोटर. लांब दांड्याच्या खालच्या टोकाला ती पाण्याखाली राहते आणि मासे बिचकू नयेत अशा बेताने होडीला इंचाइंचाने सरकवते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारगाडीच्या स्टार्टर मोटरला लवचिक दांडा आणि पंखा जोडून ती होडीच्या बाजूला अडकवली, ही या यंत्राची सुरुवात मानली जाते. मिनेसोटा आणि डकोटा यांच्या सीमेजवळ जन्मलेल्या त्यांच्या कंपनीने 'मिन कोटा' हे नाव घेतले, ते याच भूगोलामुळे. मोटर प्रथम बाजूला किंवा मागे अडकवली जात असे. ती नाळेवर गेली आणि तात्त्विक दृष्ट्या लक्ष देण्याजोगी अडचण तेथूनच सुरू झाली.

होडी मागून ढकलण्यापेक्षा पुढून ओढणे सोयीचे असते, कारण मागून ढकललेल्या हलक्या होडीचे तोंड वाऱ्याने सहज भरकटते, तर पुढून ओढलेल्या होडीचे शेपूट आपोआप तोंडामागे येते. परंतु छोट्या होडीची रचना या ओढीसाठी झालेली नसते. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास होडीच्या मागे अडकवायची इंजिने विकायला आणल्यापासून होडी बांधणाऱ्यांनी सगळे बळ पिछाडीच्या उभ्या फळीत घातले, कारण धक्का तेथे बसत होता. नाळेचे काम पाणी दुभंगण्याचे, म्हणून तेथे दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा आणि त्यावर त्रिकोणी आच्छादन एवढेच पुरेसे मानले गेले. त्या आच्छादनाचा उपयोग बहुधा दोर ठेवण्यापुरता किंवा चढताउतरताना पाय टेकण्यापुरता असे. ज्या भागाने कधी होडी वाहिली नव्हती, त्याच भागाने आता तिला वाहून न्यावे अशी अपेक्षा निर्माण झाली.

ही अपेक्षा किती जड आहे हे साध्या हिशेबानेही कळते. या मोटरींचे बळ पौंडांत मोजतात. होडीच्या एकूण वजनाच्या दर १०० पौंडांमागे २ पौंड बळ असावे असा ढोबळ नियम आहे, आणि १२ व्होल्टवर चालणाऱ्या मध्यम मोटरीचे बळ ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलोच्या ओढीइतके असते. ही ओढ मोटर जेथे जखडलेली असते तेथे लागत नाही, ती सुमारे एक मीटर खाली पाण्यात लागते. त्यामुळे दांडा तरफेप्रमाणे वागतो, आणि बैठकीचे पुढचे-मागचे बोल्ट अर्ध्या मीटरच्या अंतरावर असतील तर त्यांपैकी एक जोडी दुप्पट, म्हणजे ५० किलोंच्या, ताणाने पत्र्यातून उपटली जाऊ पाहते. ३६ व्होल्टच्या मोठ्या मोटरींत हे आकडे दुपटीच्या घरात जातात. शिवाय मासेमारीची जागा बदलताना मोटर उचलून आच्छादनावर आडवी ठेवतात आणि मागच्या इंजिनावर होडी वेगाने पळवतात, तेव्हा प्रत्येक लाटेसरशी ते वजन पत्र्यावर आदळत राहते, आणि नाळेचे रिव्हेट सैल होतात ते बहुधा या आदळण्याने.

वैशेषिकांनी कर्माचा, म्हणजे गतीचा, विचार करताना ज्या दोन संयोगांत भेद केला ते दोन्ही येथे समोरासमोर भेटतात. प्रेरक आणि प्रेरित या दोघांची ताटातूट न होता, एकमेकांना धरूनच ज्यात गती उत्पन्न होते तो संयोग 'नोदन'. आणि ज्यात आघात होऊन दोघे विलग होतात, बहुधा आवाजही होतो, तो 'अभिघात'. वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायात मुसळाच्या उदाहरणाने आरंभ होणारी गतीची चर्चा आहे, आणि वैशेषिक आचार्य प्रशस्तपादांनी हा भेद पुढे रेखीव केला. चालू मोटरीची संथ ओढ हे नोदन होय आणि पळत्या होडीत मोटरीचे आदळणे हा अभिघात होय. नाळ मजबूत करणाऱ्या कारागिराला दोहोंचा वेगवेगळा बंदोबस्त करावा लागतो, म्हणून तो नोदनासाठी पत्र्याखाली जाड पट्टी घालतो आणि अभिघातासाठी मोटरीच्या दांड्याखाली रबराची उशी किंवा टेकू देतो.

न्यायदर्शनाने अवयवीच्या बाजूने दिलेला एक युक्तिवाद नेमका धरण्याचा आणि ओढण्याचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात, धारण आणि आकर्षण यांची उपपत्ती लागते म्हणून अवयवी मानला पाहिजे असे म्हटले आहे. न्यायपरंपरेतील टीकाकार उद्योतकरांनी या दोन शब्दांचा जो उलगडा केला त्याचा आशय असा की, वस्तूचा एक भाग धरला असता संपूर्ण वस्तू अन्यत्र जाण्यापासून रोखली जाणे हे धारण, आणि एक भाग धरून ओढला असता संपूर्ण वस्तू दुसऱ्या ठिकाणी येणे हे आकर्षण. वस्तू जर केवळ परमाणूंचा ढीग असती तर जो भाग हाती आला तेवढाच हाती आला असता. नाळेवरच्या मोटरीकडे पाहताना हा युक्तिवाद जुना वाटत नाही. ती नाळेचे एक टोक धरते आणि सोळा फुटांची होडी माणसांसह, सामानासह तिच्यामागे जाते. अलीकडच्या मोटरींत उपग्रहाच्या संकेतांवरून होडी एका बिंदूवर रोखून धरण्याची सोय असते, जिच्यामुळे वारा आणि प्रवाह यांना उत्तर देत मोटर स्वतःच वळते, कमीजास्त होते आणि नांगर न टाकता होडी जागच्या जागी राहते. हे उद्योतकरांच्या अर्थाने शुद्ध धारण होय. दोन्ही व्यापार एकाच यंत्रात, एकाच भागाला धरून चालतात.

तरीही युक्तिवाद वाटतो तितका निर्णायक नाही, आणि हे नैयायिकांनाही, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनाही, ठाऊक होते. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनांच्या भाष्यातच अशी शंका मांडली आहे की धारण आणि आकर्षण हे अवयवीमुळे घडतात की 'संग्रहा'मुळे, म्हणजे भागांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चिकटपणामुळे? कच्च्या मडक्यात तो पाण्याने येतो, भाजलेल्या मडक्यात अग्नीने येतो. आणि गवत, दगड, लाकूड लाखेने एकत्र चिकटवले तर ते सगळे एकदम ओढले जाते, पण त्यांचा काही एक नवा पदार्थ झाला असे कोणी म्हणत नाही. भाष्य या शंकेला बराच वाव देते आणि पुढे चर्चा प्रत्यक्षाच्या मुद्द्याकडे वळते. परमाणू जर इंद्रियांना दिसत नाहीत तर त्यांचा निव्वळ समुदाय तरी कसा दिसावा, हा तो मुद्दा. परंतु लाखेची शंका एवढ्याने मिटत नाही. होडीच्या बाबतीत अभियंता जे वर्णन करील ते तर उघडच शंकाकाराच्या बाजूचे असेल, कारण तो म्हणेल की मोटर बोल्टला ओढते, बोल्ट पत्र्याला, पत्रा रिव्हेटांना, रिव्हेट आडव्या पट्ट्यांना, आणि असे करत भार पिछाडीपर्यंत पोहोचतो. या साखळीत 'होडी' नावाची वेगळी कडी कोठेही नाही. साखळीतील एक दुवा निसटला तर मोटर पत्र्याचा तुकडा घेऊन निघून जाईल आणि होडी तेथेच राहील.

बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचा आक्षेप याहून धारदार आहे. अवयवी जर खरोखर एक असेल तर हात थरथरला असता सगळे शरीर थरथरले पाहिजे. ते थरथरत नाही, तर एकच वस्तू कंपित आणि अकंपित अशी दोन्ही आहे असे म्हणावे लागेल, आणि परस्परविरुद्ध धर्म एका वस्तूत राहू शकत नाहीत. नैयायिकांचे उत्तर असे की अवयवाचे कर्म वेगळे, अवयवीचे वेगळे. हात हलला म्हणून शरीर हललेच पाहिजे असे नाही. उत्तर सुसंगत आहे, पण थोडे निसटतेही आहे. मजबूत न केलेल्या नाळेवर मोटर चालू केली की आच्छादनाचा पत्रा दबतो, फुगतो, थरथरतो आणि चार फूट मागे बसलेल्या माणसाच्या पायाखालचा पत्रा शांत असतो. धर्मकीर्तींना याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. नाळ आणि उरलेली होडी त्या क्षणी दोन वस्तूंसारख्या वागत असतात.

आता मजबुतीकरणात काय केले जाते ते पाहिले पाहिजे, कारण या वादातील दोन्ही पक्षांनी ज्याकडे फारसे पाहिले नाही ते तेथे दडलेले आहे. कारागीर आच्छादनाखाली, जेथे मोटरीची बैठक येणार तेथे, सहा मिलिमीटरच्या आसपास जाडीची अॅल्युमिनियमची पाटी किंवा इपॉक्सीने सर्व बाजूंनी बंद केलेला जाड मरीन प्लाय घालतो, आणि बैठकीचे बोल्ट पत्रा व पाटी या दोहोंतून आरपार नेऊन खाली रुंद वॉशर आणि सैल न होणारे नट लावतो. येथपर्यंतचे काम बहुतेकांना जमते, पण ते अर्धेच आहे. पाटी नुसती पत्र्याला खालून चिकटून राहिली तर ती बोल्टचा दाब अधिक क्षेत्रावर पसरवते, म्हणजे एक मोठा वॉशर होते, आणि पत्रा तरीही तिच्यासकट दबत राहतो. हीच पाटी दोन्ही बाजूंच्या काठांपर्यंत आणि मागच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत नेऊन तेथे रिव्हेटांनी किंवा वेल्डिंगने जखडली की ओढ पत्र्यातून न जाता पाटीतून सांगाड्यात उतरते आणि थरथर थांबते.

पहिल्या आणि दुसऱ्या पाटीत धातूचा फरक नाही, जाडीचा नाही, स्पर्शाचाही नाही. न्यायवैशेषिकांच्या भाषेत दोन्हींचा होडीशी संयोगच आहे. मात्र या परंपरेने सर्व संयोग एकसारखे मानलेले नाहीत. ज्या संयोगातून नवे द्रव्य उभे राहते तो 'आरंभक' संयोग, आणि ज्यातून काहीच उभे राहत नाही तो अनारंभक. तंतूंचा परस्परसंयोग पटाचा आरंभक असतो, होडीत ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाचा होडीशी संयोग अनारंभक असतो. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश', ज्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली, असे पारिभाषिक शब्द शोधणाऱ्या मराठी अभ्यासकाच्या हाताशी असतो. पण एखादा संयोग आरंभक कशामुळे होतो, याची वस्तूकडे पाहून लावता येईल अशी कसोटी कोशाकडून अपेक्षिणे बरोबर नाही. नाळेचे उदाहरण अशी कसोटी सुचवते. जो भाग इतर भागांचा भार घेतो आणि आपला भार इतर भागांवर सोपवतो त्याचा संयोग आरंभक म्हणावा. जो केवळ टेकलेला आहे त्याचा अनारंभक. लाखेने चिकटवलेल्या गवत-दगडांचा प्रश्नही या कसोटीवर निराळा दिसतो, कारण तेथे लाख सगळ्यांना धरते, पण गवत दगडाला काहीच देत नाही आणि त्याच्याकडून काही घेतही नाही.

ही कसोटी मान्य केली तर एक गैरसोयीचा निष्कर्ष स्वीकारावा लागतो, आणि तो स्वीकारणेच योग्य होय. भार घेणे कमीअधिक असू शकते. पाटी एका बाजूला जखडली आणि दुसरीकडे मोकळी राहिली तर थरथर अर्धवट थांबते. मग होडीचे एक असणेही कमीअधिक असू शकते, आणि अवयवी आहे की नाही या प्रश्नाला 'किती' असा प्रतिप्रश्न विचारावा लागतो. नैयायिक यावर लगेच हरकत घेईल की एकत्व ही संख्या आहे, संख्येत तरतमभाव नसतो, पाऊण घट किंवा सव्वा घट असे काही नसते. बौद्धही वेगळ्या कारणाने हरकत घेईल की जे मुळातच कल्पित आहे त्याच्या कमीअधिकपणाची चर्चा व्यर्थ होय. दोघांचे मतभेद टोकाचे असले तरी वस्तू एक असते किंवा नसते, मधले काही नसते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. मजबुतीकरण या गृहीतावरच बोट ठेवते. मोजण्यापुरते एकत्व नैयायिकाने खुशाल ठेवावे. पण धारण आणि आकर्षण हा ज्या एकत्वाचा पुरावा म्हणून त्याने पुढे केला, ते एकत्व बोल्ट, पाटी आणि आडवी पट्टी यांच्या बळाइतकेच टिकते, ते वापराने झिजते आणि कामाने वाढते. पुरावा जर मापनीय असेल तर ज्याचा तो पुरावा आहे ते अमाप कसे राहील, याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

परंपरेचा कडक पक्ष येथे आणखी एक अडचण उभी करतो. पटात एक तंतू वाढला किंवा त्यातून एक तुटला तरी पूर्वीचा पट नष्ट होतो आणि नवा पट उत्पन्न होतो, असे न्यायवैशेषिक मानतात. विश्वनाथ पंचाननांच्या 'मुक्तावली'त शरीराबद्दलही हाच न्याय लावलेला आहे, आणि 'तेच हे' अशी जी प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, होते ती सजातीयपणामुळे होते असे समजावे लागते. म्हणजे पाटी जखडल्याक्षणी जुनी होडी संपली. थेसियसच्या जहाजाची ग्रीक कथा फळ्या बदलण्याची आहे, तेथे काही काढले जाते. येथे काहीच काढलेले नाही, केवळ भर पडली आहे, तरी निष्कर्ष तोच. तत्त्वज्ञ ह्यूम यांनी १७३९ मध्ये जहाजाच्याच उदाहरणाने सांगितले की भाग बदलूनही जहाज तेच वाटते ते भागांच्या समान हेतूमुळे. पण नाळेचा हेतूच बदलला असताना हा आधारही लुळा पडतो, कारण पाणी दुभंगणारा भाग आता ओढणारा भाग झालेला असतो.

अमेरिकेचा कायदा या पेचात न शिरता एकाच होडीवर दोन निरनिराळी दर्शने ठोकून ठेवतो. १९७२ पासून प्रत्येक होडीच्या पिछाडीच्या फळीवर, उजव्या बाजूला, बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक असतो आणि नाळेत काहीही केले तरी तो बदलत नाही. कायद्याच्या दृष्टीने होडी एक आणि तीच आहे. त्याच वेळी वीस फुटांहून लहान होडीत क्षमतेची एक पाटी लावावी लागते, जिच्यावर माणसे, मोटर आणि सामान यांचे मिळून कमाल वजन दिलेले असते. तेथे बेरीज हेच सर्वस्व आहे, आणि नाळेवरची मोटर व तिचे विद्युतघट या बेरजेत जमा होऊन एखाद्या माणसाची जागा खातात. पहिली नोंद अवयवीची भाषा बोलते, दुसरी समुदायाची. दोन्ही एकत्र नांदतात, आणि तपासनीस दोन्ही वाचतो.

भर घालणे म्हणजे नेहमी बळ देणे असेही नाही. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा पत्रा ओलाव्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, एकमेकांना लागून राहिले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाते. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड पत्र्याला लावले तरी तेच होते. म्हणून जाणता कारागीर मध्ये नायलॉनचा वॉशर घालतो, छिद्रात सीलंट भरतो आणि साधे प्रक्रिया केलेले लाकूड टाळतो. ज्या दोन भागांनी एकमेकांचा भार घ्यायचा त्यांना एकमेकांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा हा प्रकार आहे. संयोगाला स्पर्शापुरते मर्यादित समजणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला तो जड जाईल. भाराची कसोटी मात्र येथेही टिकते, कारण नायलॉनमधून भार जातो, वीज जात नाही.

राहिली स्वतः मोटर. ती होडीचा अवयव आहे काय? बहुतेक मोटरी चटकन सुटणाऱ्या बैठकीवर बसतात. खीळ ओढली, सरकवली, की मोटर हातात येते. ती होडीला ओढते, पण होडीचा भार घेत नाही, उलट होडीच तिला वाहते. ओढण्याचे बळ तिला पाण्याकडून मिळते. म्हणून तिला संयोगी म्हणावे, अवयव म्हणू नये. पाटीची गोष्ट वेगळी. मिनेसोटाची सरोवरे हिवाळ्यात गोठतात, मोटर घरात जाते आणि होडी आच्छादनाखाली उलटी पडून राहते. तेव्हा पाटीवर कसलाच भार नसतो. भार घेणे हीच अवयवपणाची कसोटी असेल तर पाटी हिवाळ्यापुरती अवयव राहत नाही काय, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याचे उत्तर नैयायिकांच्या शिदोरीतच आहे. कारणता दोन प्रकारची, एक 'स्वरूपयोग्यता', म्हणजे कार्य घडवण्याची अंगची पात्रता, आणि दुसरी 'फलोपधायकता', म्हणजे कार्य प्रत्यक्ष घडवणे. रानात पडलेल्या दांडक्याने कुंभाराचे चाक फिरवलेले नसते, तरी घटाचे कारण होण्याची योग्यता त्याच्यात असते. चिकटलेली पण न जखडलेली पाटी उन्हाळ्यातही या योग्यतेला पात्र होत नाही. जखडलेली पाटी बर्फाखालच्या महिन्यांतही पात्र असते, आणि ती होडीचा अवयव आहे की नाही हे मोटर कोठे ठेवली आहे यावर अवलंबून नाही.